थकलेला कॉम्प्रेसर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

पूर्वी तीन मिनिटांत भरणारी टाकी आता पाच मिनिटं खाते. मोटर बंद पडायचं नाव घेत नाही. स्प्रे गनमधून रंगाबरोबर तेलाचे बारीक थेंब उडतात. फिटरला विचारलं तर तो म्हणतो, "उघडू या, होईल काम." विक्रेत्याला विचारलं तर म्हणतो, "यात आता काही राम नाही, नवा घ्या." दोघंही खोटं बोलत असतील असं नाही, पण मशीन मोजून दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नसतं. मोजायचं काम तुमचं. त्याला लागतं ते घड्याळ, साबणाचं पाणी, एक क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) आणि अर्धा दिवस.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. कॉम्प्रेसर हे एक मशीन नाही. एका सांगाड्यावर बसवलेल्या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत: हवा दाबणारा पंप (याला बरेच जण हेड किंवा ब्लॉक म्हणतात), तो फिरवणारी मोटर आणि हवा साठवणारी टाकी. तिघांचं आयुष्य वेगळं आणि मरण्याची तऱ्हाही वेगळी. "कॉम्प्रेसर गेला" असं म्हटलं की या तिघांचा निकाल एकदमच लागतो, आणि पैसे बहुधा तिथेच वाया जातात. निर्णय तिघांचा वेगवेगळा घ्यायचा. त्यातही टाकीला नकाराधिकार आहे. पंप आणि मोटर कितीही ठणठणीत असोत, टाकी नापास झाली की ती सेवेतून बाद.

खालचं सगळं मुख्यतः पट्ट्यावर चालणाऱ्या, तेल घातलेल्या पिस्टन कॉम्प्रेसरबद्दल आहे. छोटे ऑइल-फ्री आणि स्क्रू (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरांत हवा दाबणारे) कॉम्प्रेसर यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पायरी १: हात लावण्याआधी

मुख्य स्विच बंद करा आणि प्लग काढा. कायमची वायरिंग असेल तर आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावा. प्रेशर स्विचवर चालणारं मशीन दाब उतरला की स्वतःहून सुरू होतं. तुमची बोटं त्या वेळी पट्ट्यात आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही.

खोलाखोली करायची असेल तर टाकीतली सगळी हवा सोडा. गेजचा काटा शून्यावर आला एवढ्यावर समाधान मानू नका, कारण काटा अडकलेला असू शकतो. ड्रेन कॉक पूर्ण उघडा आणि आवाज थांबेपर्यंत उघडाच ठेवा. पंपाचं हेड (इथून पुढे हेड म्हणजे पंपाचा फक्त वरचा, व्हॉल्व्हवाला भाग) आणि टाकीकडे जाणारा तांब्याचा पाइप बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतात, ते निवू द्या.

पायरी २: आधी टाकी

सगळे जण आवाज ऐकून पंपाकडे धावतात. तुम्ही टाकीपासून सुरुवात करा, कारण इथे "नाही" आलं तर पुढची निम्मी तपासणी वाचते.

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते आणि टाकीच्या तळाशी साचते. रोज ड्रेन काढला नाही तर पत्रा आतून गंजत जातो. बाहेरचा रंग नवाकोरा दिसतो आणि आतला पत्रा निम्मा झालेला असतो. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या गंजापेक्षा ड्रेनमधून काय पडतं ते बघा. पांढऱ्या कापडावर किंवा भांड्यात पाणी घ्या. तांबूस, थोडं तेलकट पाणी आलं तर तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. गंजाचे पापुद्रे, खपल्या पडत असतील तर पत्रा सुटतोय असं समजा.

मग टाकीच्या पोटाखाली आडवे व्हा. ड्रेनच्या आसपास, पाय आणि पंपाचा पाट जिथे वेल्ड केलाय तिथे, आणि टाकीच्या लांब वेल्डवर नीट पाहा. रंग फुगलाय का? तेलाचा ओलसर डाग वारंवार त्याच जागी येतो का? वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसते का? मशीन थरथरतं, आणि त्या थरथरीचा मार पायाजवळच्या जोडावर बसतो. टाकीत दाब असताना तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की दुसरं मत घ्यायची गरज नाही. हवा सोडा आणि मशीन बंद ठेवा.

शंका असेल तर दोन चाचण्या करून घेता येतात. एक अल्ट्रासॉनिक गेजनं पत्र्याची जाडी मोजणं. तळाशी, मध्ये आणि दोन्ही टोपांवर (टाकीच्या टोकांच्या झाकणांवर). दुसरी पाण्याची दाबचाचणी. टाकी काठोकाठ पाण्यानं भरून, टाकीच्या पाटीवर (तिच्यावरच्या माहितीच्या पट्टीवर) लिहिलेल्या चाचणी दाबापर्यंत नेतात. ही चाचणी पाण्यानंच करायची, हवेनं कधीही नाही. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी पाणी वाहून जातं. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी ताणून बसलेली असते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत ७ बार दाब असतो तेव्हा तिच्या एकेका टोपावर सुमारे ९ टनांचा रेटा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं वाक्य कडक का आहे ते कळेल.

गंजून भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंग, ब्रेझिंग, एपॉक्सी, पट्टी यांतलं काहीही करायचं नाही. भोक दिसतं तेवढ्याच जागी पत्रा पातळ झालेला नसतो. भोवतालचा हातभर भागही त्याच वाटेवर असतो, आणि वेल्डची उष्णता त्याच पातळ पत्र्याला अजून कमकुवत करते. "दोन वर्षांपूर्वी वेल्डिंगचा डाग दिला, अजून चालतोय" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या टाकीजवळ मी उभा राहत नाही.

पाटीच नसेल किंवा रंगाखाली गडप झाली असेल, तर बनावटीचा आणि चाचणीचा दाब कळायला मार्ग उरत नाही. अशा टाकीवर मी पैसे घालणार नाही. शिवाय दाबपात्रांच्या तपासणीचे तुमच्या ठिकाणी जे नियम असतील ते वेगळे पाळावे लागतातच.

पायरी ३: हवा मोजा

टाकी पास झाली? मग आता पंप किती हवा देतो ते बघा. "जोर कमी झाला" हे काही माप नाही.

१. टाकीतलं पाणी काढा. पाण्यानं जागा अडवली की हिशेब चुकतो.
२. टाकीतून बाहेर जाणारा कॉक घट्ट बंद करा.
३. मशीन चालू करा. काटा २ बारवर आला की घड्याळ सुरू करा आणि ७ बारला थांबवा. शून्यापासून मोजू नका, सुरुवातीला काटा नीट बोलत नाही.
४. टाकीचे लिटर गुणिले वाढलेला दाब (इथे ५ बार), भागिले लागलेली मिनिटं. आलेला आकडा म्हणजे पंप मिनिटाला किती लिटर मोकळी हवा भरतो त्याचा अंदाज.

समजा टाकी २०० लिटरची आहे आणि ३ मिनिटं लागली. २०० गुणिले ५ म्हणजे १०००, भागिले ३, म्हणजे सुमारे ३३० लिटर. साडेचार मिनिटं लागली तर साधारण २२०. टाकीत येणारी हवा गरम असते, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच येतो. तुलनेला मात्र पुरेसा आहे.

तुलना कशाशी? नवीन असताना किती वेळ लागायचा हे लिहून ठेवलं असेल तर उत्तम. बहुतेकांनी ठेवलेलं नसतं. मग पंपाचं विस्थापन काढा: पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), गुणिले सिलिंडर, गुणिले पंपाचे मिनिटाचे फेरे. मोटरचे फेरे घेऊ नका, पुलीमुळे पंप बराच हळू फिरतो. ८० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६० मिमी स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि ८०० फेरे असतील तर विस्थापन सुमारे ४८० लिटर होतं. एका टप्प्यात दाबणारा धडधाकट पंप ७ बारच्या आसपास यातली साधारण दोन तृतीयांश हवा प्रत्यक्षात देतो. म्हणजे वरचा ३३० लिटर देणारा पंप ठीक आहे आणि २२० वाला आजारी. दोन टप्प्यांच्या पंपात मोजताना फक्त मोठ्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या सिलिंडरचं विस्थापन धरा.

पाटीवर किंवा जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो पुष्कळदा विस्थापनाचा असतो, मिळणाऱ्या हवेचा नसतो. नवं मशीन घेताना हाच आकडा पुन्हा फसवतो, तेव्हा आताच ओळख करून घ्या.

पायरी ४: पंप दोषी की पाइपलाइन?

ही पायरी गाळून पंप खोलणारे खूप आहेत. हवा कमी पडते कारण पंप कमी देतो, किंवा पंप बरोबर देतो पण हवा वाटेतच गळते.

टाकी ७ बारपर्यंत भरा, मशीन बंद करा, बाहेरचा कॉक बंद ठेवून १० मिनिटं थांबा. काटा किती उतरला ते लिहा. मग पुन्हा भरा, कॉक उघडा, पण सगळी हत्यारं बंद ठेवा, आणि पुन्हा १० मिनिटं मोजा. पहिल्यात दाब टिकला आणि दुसऱ्यात पडला तर दोष पाइप, होज, कपलर, रेग्युलेटर यांच्यात. ७ बारला ३ मिमीच्या एका भोकातून मिनिटाला साधारण ५०० लिटर हवा जाते. म्हणजे वरच्या उदाहरणातला ठणठणीत पंपही त्या एका भोकाला पुरा पडणार नाही. प्रत्यक्षात असं एकच भोक क्वचित असतं. दहा-बारा ठिकाणी बारीक फुसफुस असते, सगळ्यात जास्त क्विक कपलरमध्ये आणि होजच्या क्लिपजवळ. रात्री सगळं शांत असताना लाइनभर कान देऊन फिरा, मग साबणाचं पाणी.

पायरी ३ मध्ये आकडा चांगला आला असेल आणि इथे लाइन गळत असेल, तर तुमचा कॉम्प्रेसर थकलेला नाहीच. वॉशर आणि कपलर बदला.

पायरी ५: लक्षण ओळखा

आता खरी गंमत. कॉम्प्रेसर बोलतो, त्याचे आवाज वेगळे करता आले पाहिजेत.

मशीन कट-आउटला, म्हणजे ठरलेला दाब गाठल्यावर, थांबतं तेव्हा प्रेशर स्विचखालून एक छोटासा "फुस्स" येतो आणि एक-दोन सेकंदांत थांबतो. हे बरोबर आहे. पंप आणि टाकी यांच्यामधल्या पाइपातला दाब अनलोडर सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला मोकळं सुरू होता येतं. हा फुस्स येतच नसेल तर अनलोडर अडकलाय. मोटर दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करते, घुमते, ओव्हरलोड (मोटरचा संरक्षक स्विच) पडतो आणि काही दिवसांनी कपॅसिटर जातो. लोक कपॅसिटर बदलतात, तो पुन्हा जातो, मग निष्कर्ष निघतो की मोटर गेली.

याउलट, थांबल्यावर तो आवाज "स्स्स" असा चालूच राहत असेल तर? हवा प्रेशर स्विचमधून येतेय, म्हणून स्विच बदलला जातो. नवखेपणी मीही एका मशीनचा स्विच असाच बदलला, आणि नवा स्विचही तसाच फुसफुसायला लागला तेव्हा डोकं चाललं. हवा टाकीतून उलटी येत होती. टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा) बसत नव्हता आणि स्विच बिचारा फक्त वाट करून देत होता. हा व्हॉल्व्ह मशीनमधल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. कधी नुसता कार्बन साफ केला तरी बसतो. (काढण्याआधी टाकी पूर्ण रिकामी. त्याच्यामागे टाकीतला सगळा दाब उभा असतो.)

टाकी ४-५ बारपर्यंत चढते आणि मग तिथेच रेंगाळते, तेव्हा दोष हेडमधल्या व्हॉल्व्हचा किंवा पिस्टनवरच्या रिंगांचा. वेगळं करायला दोन सोप्या खुणा आहेत. एअर फिल्टर काढून चालू पंपाच्या तोंडापासून चार बोटं दूर तळवा धरा. फक्त ओढ लागायला हवी. हवा परत तोंडावर फेकली जात असेल तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय. दुसरी खूण ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसला (पंपाच्या खालच्या, तेल असलेल्या घराला) श्वास घ्यायला दिलेल्या नळीची. तिथून थोडी धुगधुग येणारच. जोरानं, ठोक्याठोक्याला धूर-तेल बाहेर पडत असेल तर पिस्टनवरची हवा रिंगांना ओलांडून खाली येतेय.

दोन टप्प्यांच्या पंपात मधल्या कूलरवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. मुख्य दाब ७ बार असताना मधला दाब साधारण २ बारच्या आसपास असतो. तो व्हॉल्व्ह वारंवार उडत असेल तर दुसऱ्या, लहान सिलिंडरचे व्हॉल्व्ह बघा. ते हवा पुढे ढकलायच्या ऐवजी मागे सोडताहेत. मधला दाब फारच कमी असेल तर पहिल्या टप्प्यात दोष. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो म्हणून तो घट्ट करणं किंवा तिथे प्लग मारणं याला मूर्खपणा म्हणतात.

हवेतून तेल येणं म्हणजे रिंगा गेल्याच असं नाही. तेल काचेच्या खुणेच्या वर भरलंय का? फिल्टर चोंदलाय का? चोंदला असेल तर सिलिंडरमधली ओढ तेल वर खेचते. इंजिन ऑइल घातलंय का? त्यातल्या डिटर्जंटमुळे पाणी तेलात मिसळून राहतं आणि व्हॉल्व्हवर कार्बनही जमतो. कॉम्प्रेसरसाठीचं तेल, बहुधा व्हीजी १०० (तेलाच्या घट्टपणाचा दर्जा) किंवा पुस्तिकेत जे दिलं असेल ते, योग्य पातळीला भरून आठवडाभर चालवा. तरीही तेल येत राहिलं, तर रिंगा. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. मशीन थोडा थोडा वेळच चालतं आणि कधी नीट तापतच नाही, तिथे हे जास्त होतं.

ठोके ऐकू आले की लगेच "बेअरिंग गेलं" म्हणू नका. आधी फ्लायव्हीलचा, म्हणजे पंपाच्या मोठ्या चाकाचा, बोल्ट आणि चावी (चाक दांड्यावर पकडून ठेवणारा तुकडा), मग मोटरची पुली, मग पट्टा. सैल फ्लायव्हील कनेक्टिंग रॉडच्या ठोक्याची हुबेहूब नक्कल करतं. ते घट्ट असूनही ठोका येतच असेल तर मशीन पुढे चालवू नका. रॉड तुटला की क्रँककेस फोडून बाहेर येतो.

पंप अति तापत असेल तर फिन्समधली धूळ काढा आणि फिरण्याची दिशा बघा. फ्लायव्हीलच्या आऱ्या पंख्यासारख्या असतात, त्यांनी हवा पंपावर फेकायला हवी. थ्री-फेज मशीन दुसरीकडे हलवताना दोन वायरी उलट लागल्या की पंप उलटा फिरतो, हवा देतो, पण थंड होत नाही. बऱ्याच पंपांना तेलही मग नीट पोचत नाही.

पायरी ६: हेड उघडल्यावर

वरच्या तपासणीत पंपावर बोट आलं असेल तरच उघडा. व्हॉल्व्ह प्लेट काळी, पात्या तुटलेल्या किंवा वाकलेल्या, गॅस्केट दोन खणांच्या मधे जळलेलं, एवढंच निघालं तर हसत दुरुस्त करा. व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचा संच हा दुरुस्तीतला सगळ्यात किफायती खर्च आहे, आणि निम्मा गेलेला जोर तो एका दुपारी परत आणतो.

मग पिस्टन खाली करून सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा. वरच्या टोकाला नख अडेल अशी कड लागते का, उभे ओरखडे आहेत का? जुनी रिंग पिस्टनवरून काढून सिलिंडरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधला गाळा फीलर गेजनं मोजा. ८० मिमीच्या बोअरला नव्या रिंगचा गाळा साधारण ०.२५ ते ०.४० मिमी असतो. १ मिमीच्या पुढे गेला असेल तर ती रिंग संपली. पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरा.

भिंत गुळगुळीत, फक्त रिंगा झिजल्यात: रिंगा बदला. भिंतीला कड पडलीय: नव्या रिंगा घालून उपयोग नाही, काही महिन्यांत तेल परत येईल. बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो, आणि तो पिस्टन मिळतो का हे बोअर मारण्याआधी विचारायचं. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) खरवडलाय: इथे मी थांबतो. क्रँक ग्राइंड करणं, रॉड, बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे सगळं एकत्र आलं की तुकड्यातुकड्यानं नवा पंपच विकत घेतल्यासारखं होतं, आणि तोही जुन्या ओतीव भागांवर.

पायरी ७: मोटर

मोटरकडे कमी वेळ लागेल. कट-आउटच्या अगदी आधी, म्हणजे पूर्ण भारावर, क्लॅम्प मीटरनं अँपिअर मोजा आणि पाटीशी ताडून बघा. जास्त असतील तर आधी पट्ट्याचा ताण, पुलींची ओळ, व्होल्टेज आणि वायरची जाडी तपासा. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरीवर चालवलेली मोटर कधीच खूश नसते. मग मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरनं) इन्सुलेशन. बेअरिंग आणि कपॅसिटर बदलणं सरळ आहे. जळलेली छोटी सिंगल-फेज मोटर रिवाइंड करण्यापेक्षा बहुधा नवी परवडते. मोठी थ्री-फेज मोटर चांगल्या कारागिराकडे रिवाइंड करायला हरकत नाही.

पायरी ८: हिशेब

"दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर नवा घ्या" हा नियम सगळीकडे ऐकायला मिळतो. वाईट नाही, पण आंधळा आहे. दुरुस्तीनंतर मशीन किती वर्षं चालेल हे त्यात कुठेच येत नाही.

त्याऐवजी दर वर्षाचा खर्च काढा. नव्या मशीनची किंमत १०० धरा आणि ते १२ वर्षं चालेल असं समजा, म्हणजे वर्षाला ८ च्या आसपास. आता एक मोठा ओव्हरहॉल ३५ चा आहे आणि त्यानंतर पंप ३ वर्षं ओढेल असं फिटर प्रामाणिकपणे सांगतो. वर्षाला जवळपास १२. निम्म्याच्या नियमानं ही दुरुस्ती पास होते, या हिशेबानं नापास. तेच फक्त व्हॉल्व्हचं काम ८ मध्ये होऊन ३ वर्षं मिळत असतील तर वर्षाला ३ सुद्धा नाही. वर्षांचे आकडे तुमच्या वापराप्रमाणे बदला. दिवसाला एक तास आणि दिवसाला आठ तास चालणारी मशीनं एकाच वयात सारखी म्हातारी होत नाहीत.

मग वीज. वरच्या उदाहरणातला पंप ३३० ऐवजी २२० लिटर देतोय, म्हणजे तेवढ्याच हवेला दीडपट वेळ चालतोय. धडधाकट असताना दिवसाला ४ तास चालला असता, आता ६ चालतो. मोटर ३ किलोवॉट घेत असेल आणि वर्षात ३०० दिवस काम असेल तर हे २ तास वर्षाला १८०० युनिट होतात. तुमच्या युनिटच्या दरानं गुणा. रोज तासन्‌तास चालणाऱ्या मशीनमध्ये हा आकडा दुरुस्तीच्या बिलाला गाठतो. महिन्यातून दोनदा टायरमध्ये हवा भरणाऱ्यानं याची फार चिंता करू नये.

पैशात न मावणारी एक बाब म्हणजे सुटे भाग. व्हॉल्व्ह प्लेट, रिंगा, गॅस्केट सहज मिळत नसतील तर आजची दुरुस्ती स्वस्त असूनही पुढच्या वेळी तुम्ही पंधरा दिवस हवेविना बसाल. मशीन बंद राहिल्यावर काम थांबत असेल तर हे दिवस हिशेबात धरा.

मधला रस्ता

टाकी चांगली, मोटर चांगली, पंप मात्र संपलेला: अशा वेळी नुसता नवा पंप बसवता येतो, आणि हा पर्याय विक्रेते आपणहून क्वचित सांगतात. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: पायांच्या बोल्टची भोकं, पट्ट्यांची संख्या आणि आकार, पंपाला लागणारी ताकद आणि त्याचे फेरे. फेरे पुलीवरून ठरतात. मोटरची पुली मोठी टाकून "जास्त हवा" काढायचा मोह टाळा. मोटर जळते किंवा पंप तापून मरतो. नव्या पंपाचा कमाल दाब कितीही असो, प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या पाटीवरच्या दाबाप्रमाणेच ठेवायचे.

नवा पंप असो की नव्या रिंगा, पहिला अर्धा तास टाकीचा कॉक उघडा ठेवून बिनभाराचा चालवा, हेडचे बोल्ट निवल्यावर पुस्तिकेप्रमाणे पुन्हा कसा, आणि पहिलं तेल लवकर बदला.

ऑइल-फ्री आणि स्क्रू

छोट्या, मोटरलाच थेट जोडलेल्या ऑइल-फ्री मशीनमध्ये पिस्टनवर टेफ्लॉनची वाटी असते. ती झिजणारच. वाटी आणि सिलिंडरची बाही संच म्हणून मिळत असेल तर एकदा बदला. बेअरिंगही आवाज करत असेल तर मशीन निवृत्त करा, त्यावर मजुरी घालणं परवडत नाही.

स्क्रूचं गणित निराळं. तिथे नेहमीचे दोष एअर-एंडच्या (हवा दाबणाऱ्या रोटरांच्या भागाच्या) बाहेरचे असतात: चोंदलेला ऑइल सेपरेटर, फिल्टर, धूळ भरलेला कूलर, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. तापमानामुळे ट्रिप होतोय म्हणून एअर-एंड बदलू नका, आधी कूलर धुवा. एअर-एंडच्या बेअरिंगचा आवाज येत असेल तर मात्र वाट पाहू नका. रोटर एकमेकांना घासले की दुरुस्ती संपली. वेळेवर पकडलं तर बेअरिंग-सील बदलून तोच एअर-एंड परत वापरता येतो.

नवाच घ्यायचा ठरला तर

आधी पायरी ४ मधल्या गळत्या बंद करा, नाहीतर त्या गळत्यांसाठीच मोठं मशीन घ्याल. जुनं मशीन धडधाकट असताना तासातली किती मिनिटं चालायचं ते आठवा. पिस्टन मशीनला विश्रांती लागते. तासातली ४० मिनिटं ते सतत चालत असेल तर ते झिजलं नव्हतं, लहान होतं. तेवढंच पुन्हा घेतलंत तर तेही तसंच मरेल. अश्वशक्ती नव्हे, कामाच्या दाबाला मिनिटाला किती लिटर हवा मिळते ते विचारा. दाबही लागेल तेवढाच; ७ बारच्या आसपास एक बार जादा ठेवला की वीज ६-७ टक्के वाढते.

आणि जुनी नापास टाकी भंगारात देताना तशीच देऊ नका. कोणीतरी ती रंगवून पुन्हा एखाद्या पंपाखाली बसवतो. सगळे प्लग आणि कॉक काढून टाका, आतली हवा आणि पाणी पूर्ण जाऊ द्या, आणि ड्रिलनं तिच्या दोन्ही टोपांना आणि पोटाला मोठी भोकं पाडा. गॅस कटर नको, आत तेलाचा थर असतो. पाटी काढून स्वतःजवळ ठेवा.